चुन्याची पावलं

देवमनच्या नोकरीचं त्याच्या वस्तीत भारी कौतुक होतं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर बापानं पोटाला चिमटा घेऊन त्याला सातवीपर्यंत शिकवलं, आणि पोरगं रिसोडच्या एका सहकारी संघातल्या दोन शिपायांपैकी एक झालं. काम काय, तर या टेबलावरचा कागद त्या टेबलावर न्यायचा. दिवसभर पाय चालत आणि डोक्यात खोड्या.

चौऱ्याहत्तर साली शेषराव नावाचे नवे मॅनेजर आले. आल्या आल्या म्हणाले, "कामात सुधारणा करायची. कागद कुठे अडतो ते सांगा." कारकून मंडळी एकमुखानं म्हणाली, "आपल्याकडे काहीच अडत नाही, साहेब!" त्याच वेळी बाहेर भागिरथाबाई मिरचीच्या बियाण्याच्या चिठ्ठीसाठी चौथ्यांदा येऊन बसली होती. रोप टाकायचे दिवस सरत चालले होते.

कागद कुठे अडतो, ते देवमनला पाठ होतं. उकंडराव हेडक्लार्क आलेल्या कागदावर दुसऱ्या दिवशीच सही करत. त्यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी प्रत्येक अर्ज त्यांच्या रिकाम्या टेबलावर मुक्काम करूनच पुढे जाई. दुरुस्ती निघाली की पुन्हा मुक्काम. वडीलधाऱ्याचं टेबल डावलायची कुणाची छाती नव्हती.

"तू कायले सांगतं?" बायको गंगू घरी म्हणाली. "चकरा कमी झाल्या त तुले कोन ठिवते?" खरं होतं ते. देवमनला भीती वाटली.

पण भागिरथाबाईचं तोंड त्याच्यानं पाहवेना. भिंतींना चुना मारायचं काम चाललं होतं. सकाळीच त्यानं चपला चुन्याच्या घमेल्यात बुडवल्या आणि तिचा अर्ज घेऊन टेबलामागून टेबल निघाला. पावलं सुकली की पुन्हा घमेल्यात.

दुपारी साहेब त्या पावलांमागे निघाले. अकरा वळणं घेऊन रिकाम्या खुर्चीपाशी थांबले.

"इथे कोण बसतं?"

"उकंडराव, साहेब," देवमन म्हणाला.

"आहेत कुठे?"

"घरी जी. तीन वर्सं झाले."

टेबल तेव्हाच उचललं गेलं. तासाभरात भागिरथाबाई चिठ्ठी घेऊन, देवमनला आशीर्वाद देत गेली.

मग साहेबांनी देवमनला बोलावलं. "ते टेबल गेलं. आता उरलेल्या एवढ्याशा वाटेला दोन शिपाई कशाला?"

गंगूचं बोलणं खरं ठरत होतं. तरी तो हात जोडून म्हणाला, "साहेब, अर्जाची वाट बारीकच हाय. पन तुमच्या खोलीतून हाटेलाकडं जाते, ते पांढरीफटक वाट पाह्यली का? सकाळपासून याच चपलांनी पाच चहा आणले जी. दुसरा शिपाई त्याच्यावरच लागते."

साहेब त्या वाटेनं दारापर्यंत चालत गेले, पावलं मोजून परतले. दोन्ही शिपायांच्या नोकऱ्या राहिल्या. फरशी मात्र देवमनलाच धुवावी लागली.