सुधाकाकूंची भेसळ

मुलुंडला आमच्या समोरच्या दारात सुधाकाकू राहायच्या. रोज सकाळी दूध आलं की स्टीलचं झाकण तिरपं धरून त्यावर एक थेंब सोडायच्या. थेंब मागे पांढरी रेघ ठेवत रेंगाळला, तर दूध पास. पाण्यासारखा सरसर पळाला, तर "भेसळ" असं जाहीर करून किटलीसकट तडक डेअरीत. डेअरीवाला त्यांना लांबून पाहूनच दुसरं दूध मापायला घ्यायचा.

हा शब्द त्यांच्या जिभेवर कायम तयार. चकचकीत सफरचंद भेसळ, केस काळे करून आलेला जावईसुद्धा भेसळ. मी एकदा त्यांच्या साबुदाणा वड्यांची जरा जास्तच तारीफ केली, तर म्हणाल्या, "पुरे गं. तेलकट झालेत, मला कळतं. बोलण्यात भेसळ नको." अशी बाई शेजारी असली की माणूस तोंडपुजेपणा विसरतो. मी तरी विसरले.

पुढे त्यांच्या यजमानांचा, अण्णांचा, विसराळूपणा वाढत गेला. अण्णांची कांजूरमार्गची बहीण शालू वारून काही वर्षं झाली होती, पण ते त्यांच्या ध्यानातच राहीना. "शालू कधी येणार?" त्यांनी विचारलं. काकूंनी स्वभावाप्रमाणे खरं ते सांगितलं. अण्णा लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा तसेच रडले.

भाऊबीजेला ते सकाळीच आंघोळ करून पाटावर जाऊन बसले. काकू ओवाळणीचं ताट घेऊन माझ्याकडे आल्या. "चल, ओवाळ त्यांना. शालू म्हणतील, म्हणू देत."

मी चाटच पडले. "काकू, ही भेसळ नाही का?"

"विकणारा स्वतःचा गल्ला भरायला करतो, ती भेसळ," त्या म्हणाल्या. "मला यात काय मिळणारे? ते दोन घास सुखाने खातील, बस. चल आता, निरांजन विझेल."

मी ओवाळलं. "शालू, बारीक झालीस गं," म्हणत अण्णांनी दोन चकल्या जास्त खाल्ल्या. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

यंदा उन्हाळ्यात काकूच गेल्या, झोपेतच. मला फार जड गेलं, अजून जातं. अण्णांना सांभाळायला त्यांची लेक येऊन राहिली. भाऊबीजेला मी आपणहून ताट घेऊन गेले. ओवाळून झालं, तसं अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. "शालू, तुझी वहिनी कुठे गेली?"

लेकीने मान फिरवली. मी चकल्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"दूध आणायला गेलीय, दादा."

"मग वेळ लागेल," अण्णा समाधानाने म्हणाले आणि त्यांनी चकली उचलली. "थेंब बघितल्याशिवाय ती यायची नाही."