शेवटचं पान आधी

शमीमसिस्टर रहस्यकादंबरी हातात आली की आधी शेवटचं पान उघडायच्या. खुनी कोण ते पाहायच्या, "हं" म्हणायच्या आणि मग पहिल्या पानावर येऊन निवांत वाचायला लागायच्या. हे मी प्रथम पाहिलं तेव्हा मला माझाच अपमान झाल्यासारखं वाटलं. ते पुस्तक मी यवतमाळच्या वाचनालयातून माझ्या नावावर आणलं होतं आणि खुनी कोण हे मला स्वतःला अजून माहीत नव्हतं.

"सिस्टर, मग वाचायला उरलं काय?"

"भाऊ, पेशंट वाचला का गेला हे एकदा समजलं, का बाकीची फाईल ठंड्या डोक्यानं वाचता येते," त्या म्हणाल्या. "खुनी कोन हाये यात काय मजा? त्यानं कसं लपवलं आन बाकीचे कसे येडे बनले, मजा त्याच्यात हाये." एवढं बोलून त्यांनी मला खुन्याचं नावही सांगून टाकलं.

आर्णीहून दिग्रसकडे जाताना एक फाटा लागतो. त्या फाट्याच्या आत एका गावात आमचा सरकारी दवाखाना होता. शमीमसिस्टर तिथे नर्स होत्या आणि मी औषधं द्यायचो. कागदोपत्री औषधनिर्माता, गावाच्या तोंडी कंपाउंडर. मी रोज यवतमाळहून एसटीनं यायचो, त्या दिग्रसहून. त्यांचे वडील दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. घरात उर्दू, आमच्याशी वऱ्हाडी आणि वाचायला मराठी रहस्यकथा असा त्यांचा कारभार. शेवटचं पान आधी वाचायची खोड वडिलांनीच लावलेली. जिनिंगच्या सीझनमध्ये दमून आलेल्या अब्बांना ही पोरगी रद्दीतल्या कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि अब्बा म्हणायचे, "बेटा, पहले कातिल बता दे, मुझे सुबह ड्यूटी है."

पुस्तक संपलं की त्या आपला अभिप्राय केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर लिहायच्या, खाली ठसठशीत सही ठोकायच्या आणि चिठ्ठी पुस्तकातच ठेवून परत करायच्या. एका कादंबरीत जमीनदार विषाचा एक घोट घेतो आणि टाय न विस्कटता खुर्चीत मरतो. चिठ्ठी होती: "लेखकानं विष घेतलेला माणूस पाहिलेला नाही. आमच्या दवाखान्यात एक दिवस बसावं." दुसऱ्या एकीबद्दल: "डिटेक्टिव्ह तीन दिवस जेवला नाही तरी धावतो. शुगर तपासावी." नर्स खुनी निघाली की त्यांचं टाळकं सरकायचं. "दर तिसऱ्या पुस्तकात नर्सच कायले? आमाले इथं चहा प्यायले टाइम नाई, खून कवा करावं?" वाचनालयाचे मालक आधी या चिठ्ठ्यांवर चिडले. पुढे लोकच "सिस्टरची चिठ्ठी असलेलं द्या" म्हणायला लागले, तेव्हा ते गप्प झाले.

पण त्यांचा सगळ्यात कडक शेरा वेगळाच होता, आणि तो तीनच शब्दांचा होता: मुडदा वाया गेला. याचा अर्थ मी एकदा विचारला. त्या सलाइनच्या बाटल्या पुसत होत्या. "पह्यल्या पानावर कोनीतरी मरते. त्याच्यावरच पूर्न पुस्तक चालते ना? मंग शेवटच्या पानावर लेखकाले त्याचं नाव तरी याद हाये काय, ते पाहाचं. नाई राह्यलं याद, तर मुडदा वाया गेला." अशा वेळी त्या हसत नसत.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या भागात कीटकनाशकाला औषधच म्हणतात, आणि 'अमक्यानं औषध घेतलं' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थ विचारावा लागत नसे. जीपमधून कोणाला उतरवलं आणि तो वास आला, की पुढचं सगळं आम्हाला पाठ होतं. सिस्टर पोटात नळी घालायच्या, मी इंजेक्शनं फोडून द्यायचो आणि डॉक्टर कागद लिहायचे. कोणी काही विचारायचंच झालं तर एकच प्रश्न असायचा, घरात काय झालं होतं.

परसरामला आणलं तेव्हा डॉक्टर मीटिंगला गेले होते. जवळच्या बंजारा तांड्यावरचा हा तिशीतला माणूस दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जायचा. तोंडाला फेस, अंगभर घाम आणि तो वास. सोबत तांड्यावरची चार माणसं आणि बायको कमला. सिस्टरनी भराभर काम सुरू केलं आणि हात चालू असतानाच विचारलं, "किती घेतलं?"

"त्यायनं काही घेतलं नाई, बाई."

"सगळे असंच म्हनतात, बेटा. घरात भांडन झालतं काय?"

कमलानं पदर पुढे ओढून घेतला. ती चार माणसं ऐकत होती. सिस्टरनी उलटीनं भरलेला शर्ट काढून बाजूला टाकला, पुढच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली, 'विषारी औषध प्राशन', आणि त्याला जीपमधून यवतमाळला पाठवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. वाईट वाटलं, पण त्या वर्षांत वाईट वाटणंही सवयीचं झालं होतं. खोटं कशाला सांगू, मी त्याच दिवशी सिस्टरना नवं पुस्तक आणून दिलं.

आठेक दिवसांनी कमला दारात उभी राहिली. "सासू त्यायचा शर्ट मांगते," म्हणाली. तिच्यासोबत आलेल्या बाईनं मला बाजूला सांगितलं की सासूनं तिची भांडी अंगणात काढली आहेत. ती गोठ्यात झोपते. नवऱ्याला असं काय बोललीस की त्यानं औषध घेतलं, एवढंच अख्खा तांडा तिला विचारतो.

शर्ट मागच्या व्हरांड्यात तारेवर तसाच पडला होता. सिस्टर त्याची घडी घालायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. उलटीचे डाग पुढं होते, पण ते वरवरचे होते. पाठ मात्र खांद्यापासून कमरेपर्यंत पापडासारखी कडक झाली होती. त्यांनी ती नाकाशी नेली.

"पाठीवरचा पंप गळे काय त्याचा?"

"गळे. झाकनाले फडकं बांधून फवारे."

"किती दिवसापासून?"

"चार दिवस झालते. कापसाची पराटी डोक्याच्या वर गेलती. रोज घरी आला का मळमळते म्हने, डोकं धरून बसे."

"मंग तू तवा सांगतलं काहून नाई?"

कमलानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुमी विचारलं कुठी, बाई? तुमी भांडन विचारलं."

सिस्टर बाकावर बसल्या. औषध पोटात गेलं नव्हतं, चार दिवस पाठीच्या कातडीतून आत गेलं होतं. आम्ही नळी घालत होतो तेव्हा तो भिजका शर्ट त्याच्या अंगावरच होता. तोच आधी काढून साबणानं पाठ धुतली असती तर तो वाचला असता का, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. कमला व्हरांड्यातच बसून राहिली. सिस्टर तिच्याकडे पाहत मला म्हणाल्या, "भाऊ, आपन शेवटचं पान आधीच वाचून बसलो होतो."

डॉक्टरांनी त्यांना समजावलं. कागद वर गेला आहे, माणूस गेला आहे, आता ही घोरपड स्वतःच्या गळ्यात कशाला बांधून घेता? मीही तेच म्हणालो. माझा हेतू चांगला होता असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण खरं म्हणजे मी घाबरलो होतो. इंजेक्शनं मीच फोडून दिली होती आणि मीही काही विचारलं नव्हतं.

"शंभर पुस्तकं वाचली मी," त्या म्हणाल्या. "सगळे ज्याच्यावर शक करतात तो कवाच खुनी नसते, हे मले पाठ हाये. आन समोर जिती बाई आली तर मीच तिच्यावर शक केला."

त्याच दुपारी त्या ठाण्यात गेल्या. मी सोबत होतो, माझी तेवढीच मर्दुमकी. जमादारासमोर त्यांनी जबाब दिला तो असा मुद्देसूद की तो लिहिताना दोनदा पेन थांबवून त्यांच्याकडे पाहत राहिला: पंप गळत होता, शर्टाची पाठ, चार दिवसांची मळमळ, आणि शेवटी, 'प्राशन हा शब्द मी न तपासता लिहिला.' तिथून आम्ही कमलाला सोबत घेऊन तांड्यावर गेलो. तांड्याच्या मुखियाच्या, म्हणजे नायकाच्या, अंगणात माणसं जमली. परसरामची म्हातारी समोर बसली होती. सिस्टर तिच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या आणि शर्ट पालथा पसरला.

"मावशी, हात लावून पाहा. त्यानं काही घेतलं नाई. ते पंपातून त्याच्या पाठीवर उतरलं. तुमच्या सुनेनं मले खरं सांगतलं होतं. मी आयकलं नाई. चूक माही हाये, तिची नाई."

म्हातारीनं बराच वेळ त्या पाठीवरून हात फिरवला. मग मागं न वळता तांड्याच्या गोरबोलीत काहीतरी म्हणाली. कमला उठून घराकडे, सासूच्या अंगणातल्या भांड्यांकडे गेली. मी नायकाकडे पाहिलं. "भांडे आत घे म्हनते," तो म्हणाला.

सिस्टरना वरून मेमो आला. त्याला त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: "चूक झाली होती, ती मीच कळवली आहे." पुढं काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. दवाखान्यात मात्र दोन गोष्टी बदलल्या. तो वास घेऊन कोणी आलं की आधी कपडे उतरायचे आणि साबणपाण्याची बादली यायची. आणि 'किती घेतलं' ऐवजी सिस्टर विचारायच्या, "काय झालं, सांगा." उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायच्या नाहीत. त्यांच्या बोलक्या स्वभावाला हे किती जड जात असेल, ते मी समोर बसून पाहिलं आहे.

तिसरी गोष्ट पुस्तकांची. नवी कादंबरी दिली की त्या ड्रेसिंगची चिकटपट्टी घ्यायच्या आणि शेवटची दोन-तीन पानं बंद करून टाकायच्या. "सवय वाईट हाये भाऊ, हात जाते." तिथपर्यंत वाचून झालं की मगच पट्टी काढायची. पानं खरवडली जायची, वाचनालयाचे मालक पुन्हा चिडायचे, आणि मी पुन्हा त्यांची समजूत काढायचो.

निवृत्तीनंतर त्या दिग्रसला राहिल्या. मी महिन्यातून एकदा पुस्तक घेऊन जायचो. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा बायकांमध्ये, भिंतीशी, कमला बसलेली दिसली. केस पिकले होते. मला पाहून तिनं फक्त मान हलवली. सिस्टरच्या धाकट्या बहिणीनं आतून माझं पुस्तक आणून दिलं. खूण निम्म्यावर होती, शेवटची पानं चिकटपट्टीनं बंद होती आणि आत केसपेपरचा एक कोरा तुकडा होता. एसटीत बसल्यावर मला रडू आलं.

ते पुस्तक मी पहिल्या पानापासून वाचलं आणि वेळ आल्यावरच पट्टी काढली. खुनी सापडला, बंगला विकला गेला, नायक-नायिकेचं जमलं. पहिल्या प्रकरणात मेलेल्या रखवालदाराचा मात्र कुठे उल्लेख नव्हता. मी शेवटची पानं तीनदा पाहिली. मग तो कोरा तुकडा घेतला आणि लिहिलं: मुडदा वाया गेला. सही केली नाही, ती त्यांची जागा होती. पहिल्या पानावर परत जाऊन रखवालदाराचं नाव पाहिलं आणि तेवढं खाली लिहून ठेवलं.