लॅमिनेट केलेलं लग्न

बाजाराच्या मागच्या गल्लीत, टेलरच्या दुकानाला खेटून एक अरुंद गाळा होता. त्यात एक झेरॉक्सचं यंत्र, एक लॅमिनेशनचं, आणि त्या दोघांच्या मध्ये कसाबसा मावलेला मालक. गिऱ्हाइकानं कागद पुढे केला की तो म्हणायचा, "द्या, पक्कं करून टाकू." हे तो इतक्या वेळा म्हणाला की त्याचं खरं नाव मागे पडलं आणि गल्ली त्याला पक्केशेठ म्हणू लागली. शेठपणा फक्त नावात होता. दुकानात दुसरी खुर्ची ठेवायला जागा नव्हती.

कागद ही पक्केशेठांच्या मते अर्धवट सोडलेली वस्तू होती. फाटतो, भिजतो, पिवळा पडतो, त्याला वाळवी लागते. दोन बाजूंनी प्लास्टिक चढून गरम रोलरमधून निघाला की मग कुठे तो माणसात येतो. लोक चुरगळलेली, तुकडे झालेली प्रमाणपत्रं पिशवीत घालून आणायचे. पक्केशेठ ते तुकडे काचेवर जुळवून, जीभ दातांत धरून, असे पक्के करून द्यायचे की माणूस दाखला छातीशी धरून जायचा. त्यांच्या हाताला यंत्राची उष्णता अचूक कळायची. रोलरजवळ तळवा नुसता धरला की झालं.

दुकानात हे कौशल्य होतं, घरात त्याचं खूळ झालं होतं. अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. गॅसच्या शेगडीचं माहितीपत्रक लॅमिनेट, डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या लॅमिनेट, बायकोची शाळेपासूनची प्रगतिपुस्तकं लॅमिनेट. एकदा तर त्यांनी वाणसामानाची यादीच पक्की करून टाकली. त्या यादीत साबण चुकून दोनदा लिहिला गेला होता. आता खोडणार कसा? तेव्हापासून त्या घरात साबण दुप्पट यायचा, आणि माळ्यावर वड्यांचा ढीग लागला होता.

बायको इस्पितळात नर्स. तिला सगळी गल्ली सिस्टर म्हणायची, आणि ऐकून ऐकून तिचा नवराही सिस्टरच म्हणायचा. ती मनातल्या मनात चिडायची, पण ओ द्यायची.

या सिस्टरला परदेशातल्या एका वृद्धाश्रमानं नोकरी देऊ केली होती. इस्पितळातून दमून आल्यावर, भाजी चिरता चिरता कानात वायर खुपसून ती तिकडची भाषा शिकली होती. परीक्षा पास झाली, नेमणुकीचं पत्र आलं. नवऱ्याला बरोबर नेता येईल असं पत्रात होतं, फक्त तो नवरा आहे हे कागदानिशी सिद्ध करायला हवं होतं. रुजू व्हायची तारीख ठरलेली होती. तोवर त्याचे कागद झाले नाहीत तर तिनं एकटीनं निघायचं, आणि मग त्याचा नंबर कधी लागेल हे कोणीच सांगत नव्हतं.

"जायचं ना आपण?" तिनं विचारलं होतं.

"जाऊ की," पक्केशेठ म्हणाले होते. केस कापायला जायचं असावं तितक्या सहज. सिस्टरला ते उत्तर खटकलं. 'बरं वाटतंय' म्हणणाऱ्या रुग्णाला खरंच किती बरं वाटतंय हे ओळखण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. पण घाई होती, म्हणून तिनं तो विषय तेवढ्यावर सोडला.

वकिलातीच्या व्हिसा केंद्रात पक्केशेठ फाइल घेऊन गेले ते वरातीत चालल्यासारखे. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, विवाहाचा दाखला, सगळं काउंटरवर ओळीनं मांडलं. दिव्याचा उजेड त्यावर असा चमकला की काउंटरवरच्या बाईंना डोळे बारीक करावे लागले. त्यांनी एक दाखला उचलला, नखानं वाजवून पाहिला.

"हे काय आहे?"

"जाड फिल्म आहे, मॅडम. बादलीत बुडवा, काही होणार नाही."

"यावर शिक्का मारायचा असतो मला." बाईंनी खरोखरच शिक्का मारून दाखवला आणि बोट फिरवलं. शिक्का पुसला गेला, त्यांच्या बोटाला निळी शाई लागली.

"तेच तर वैशिष्ट्य आहे," पक्केशेठ उत्साहानं म्हणाले. "डाग धरतच नाही."

सिस्टरनं खालच्या खाली त्यांच्या पायावर पाय दिला. बाई शांतपणे म्हणाल्या, "लॅमिनेट केलेला मूळ कागद आम्ही घेत नाही. नवीन प्रती आणा."

आयुष्यभर ज्यासाठी लोकांनी शाबासकी दिली, तेच आता आडवं आलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. बसस्टॉपवर सिस्टर रस्त्याकडे बघत उभी राहिली. पक्केशेठांनी एकदा "काढता येतं ते" असं म्हणून पाहिलं. तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

जन्माचे आणि शाळेचे दाखले चार चकरांत नवीन मिळाले. राहिला विवाहाचा. ते कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथली रांग प्रसिद्ध. पक्केशेठ म्हणाले, "मीच चढवलंय, मीच उतरवतो." त्यांनी टेबलावर पंचा पसरला, दाखला ठेवला, वरून फडकं टाकलं आणि इस्त्री फिरवली. फिल्म मऊ झाली, कोपरा सुटला. सिस्टर टेबलावर वाकून बघत होती. पक्केशेठांनी चिमटीत फिल्म धरून हळूच ओढली. फिल्म निघाली, पण अक्षरांसकट निघाली. खाली उरला कोरा, केसाळ कागद. त्यावर फक्त अधिकाऱ्याच्या सहीचं शेपूट होतं.

सिस्टरनं तो कागद उचलून उजेडाला धरला. मग सिस्टरनं विचारलं, "मुद्दाम केलंत?"

"वेडी आहेस का? मुद्दाम कशाला करेन?"

"यायचं नसेल तर तसं सांगा. लग्न कशाला जाळता?"

ती आत निघून गेली. पक्केशेठ इस्त्रीकडे बघत बसले. त्यांना राग आला होता, आणि रागाखाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. जो हात रोलरची उष्णता नुसत्या तळव्यानं सांगतो, त्या हाताला इस्त्री जास्त तापली आहे हे कळलं कसं नाही? कळलं नव्हतं, की कळलं होतं आणि हात बोलला नाही? दुसऱ्याला खोटं ठरवणं सोपं असतं. पक्केशेठांना त्या दिवशी स्वतःवरच भरवसा ठेवता येईना.

मग दोघंही गेले रांगेत. विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं आत जाऊन बराच शोध घेतला आणि हात झटकत बाहेर आला. त्यांच्या लग्नाच्या वर्षाचं रजिस्टर जुन्या इमारतीत होतं, तिथलं छप्पर गळलं, पानांचा लगदा झाला.

"लॅमिनेट करून ठेवायला हवं होतं," पक्केशेठ न राहवून बोलले. सिस्टरनं डोळे मिटून घेतले.

"आता नव्यानं नोंदणी करावी लागेल," कारकून म्हणाला. "लग्नाला प्रत्यक्ष हजर असलेले दोन साक्षीदार आणा."

साक्षीदार मिळाले, पण कसले मिळाले. एक सिस्टरची आई. हा जावई तिला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता, आणि मत बदलायला तिला अजून सवड झाली नव्हती. दुसरा शेजारचा टेलर. त्यानं नवरदेवाचा कोट शिवला होता, आणि तेवढ्या भांडवलावर तो ते लग्न आपणच लावलं असं सांगत फिरायचा.

ठरल्या दिवशी चौघंही कारकुनाच्या टेबलासमोर बसले. त्यानं आधी सासूबाईंना विचारलं, "हे लग्न तुमच्या समोर झालं?"

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "मी नको म्हणत होते. तेही लिहून घ्या."

"त्याला रकाना नाही, आजी."

"मग रकाना पाडा."

टेलर घसा साफ करून पुढे सरकला. "साहेब, मी तर नवरदेवाच्या पाठीशीच उभा होतो. ऐन वेळी कोटाची शिवण उसवली. इकडे लग्न लागतंय आणि मी मागून टाके घालतोय. हलू नका म्हटलं तर हे हलतायत."

"कुठे हलत होतो?" पक्केशेठ म्हणाले.

"पळायच्या बेतात होतात," टेलर म्हणाला. "सुई टोचली म्हणून थांबलात."

कारकुनानं हसू दाबून अर्ज पुढे सरकवला. पक्केशेठ सवयीनं म्हणाले, "सिस्टर, आधी तू कर सही." कारकुनाचं पेन हवेतच थांबलं. त्यानं दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. ती नर्स आहे, सगळेच तिला तसं म्हणतात, हे टेलरनं घाईघाईनं समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "बघा, असा आहे."

सिस्टरनं सही केली. पेन पक्केशेठांकडे आलं. कारकुनानं गप्पांच्या ओघात विचारलं, "बाईंना तर नोकरी आहे. तुम्ही तिकडे काय करणार?"

प्रश्न साधा होता. पण पक्केशेठांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"काही नाही," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. "खरं सांगू? मला भीती वाटते. इस्त्री मी मुद्दाम तापवली नाही. पण तापलीय हे मला कळलं नसेल, असंही मी शपथेवर सांगू शकत नाही. इथे कुणाचं काही फाटलं की माणूस माझ्याकडे येतो. तिकडे कोण येणार? तिकडे मी तुझ्या अर्जातली एक ओळ. पत्नीवर अवलंबून असलेला नवरा. तू कामावर जाशील आणि मी खिडकीतून बसेस मोजत बसेन. तिकडच्या भाषेत मला पाणीसुद्धा मागता येत नाही."

टेलरनं छताकडे पाहिलं. सासूबाईंनी चष्मा पुसायला घेतला.

"हे आधी का नाही बोललात?" सिस्टरनं विचारलं.

"तू इतकं शिकलीस. पास झालीस. तुझ्या आनंदात मी कशाला मिठाचा खडा टाकू?"

सिस्टर पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी त्या वृद्धाश्रमाला कळवलंय. नवऱ्याचे कागद झाले नाहीत तर मीही येणार नाही म्हणून."

पक्केशेठांना ते नीट समजायला वेळ लागला. "कधी कळवलंस?"

"इस्त्रीच्या दुसऱ्या दिवशी."

"पण तेव्हा तर तुला वाटत होतं, मी मुद्दाम..."

"हो. तेव्हाच."

पक्केशेठ तिच्याकडे बघतच राहिले. तिला ते खोटे वाटले होते, जाणूनबुजून तिचं लग्न जाळणारे वाटले होते, आणि तसं वाटत असतानाच तिनं आपली इतक्या मेहनतीची नोकरी त्यांच्यासाठी पणाला लावली होती. आणि इकडे ते आपले पाय ओढत रांगांमधून फिरत होते. त्यांना अशी लाज वाटली की कान तापले. त्यांनी पेन उचललं आणि कारकुनावरच डाफरले, "साहेब, लवकर सांगा कुठे सही करायची. आमच्या बाईंची नोकरी जायची वेळ आलीय."

"मीच थांबलोय तुमच्यासाठी," कारकून म्हणाला.

त्यांनी सही केली. घाईत ती जरा वाकडी आली. सासूबाईंनी चष्मा लावून ती तपासली, आणि चालेल म्हणाल्या. त्यांच्या तोंडून जावयाला मिळालेली ही पहिली पावती होती. टेलरनं तर दोन्ही वेळा आपण हजर होतो म्हणून कारकुनाशी हस्तांदोलनसुद्धा केलं.

दाखला घेऊन सगळे निघाले. म्हातारी आणि टेलर पुढे, हे दोघं मागे. जिन्याच्या वळणावर पक्केशेठ थांबले.

"तिकडच्या भाषेत 'फाटलंय का, द्या इकडे' कसं म्हणतात?"

सिस्टरनं बराच विचार केला. "ते नाही मला येत," ती म्हणाली. "आम्हाला पहिल्या धड्यात 'कुठे दुखतंय' एवढं शिकवलं होतं."

"मग तेच शिकव," पक्केशेठ म्हणाले.

तिनं एकदा म्हणून दाखवलं. पक्केशेठांनी तिच्या मागून म्हटलं, चुकले, परत म्हटलं. शब्द जिभेवर नीट बसल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहून, सगळा जिना ऐकेल अशा आवाजात, तिलाच विचारलं. सिस्टरला इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. तिला हसू आलं, आणि मग तिथेच पायरीवर बसून ती रडायला लागली.