शिट्टी वाजली तरी पकड सुटेना

शिट्टी वाजून गेली होती आणि भेरूलालचा हात काही सुटत नव्हता.

मिलच्या मैदानावर कबड्डीची फायनल चालली होती. मिलची टीम विरुद्ध रेल्वेची टीम. मी पंच. इंदूर तेव्हा मध्यभारतात होतं. मी एका शाळेत ड्रिल मास्तर होतो आणि सुट्टीच्या दिवशी मॅचेस खेळवायचो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत एका श्वासात जायचं आणि परत यायचं. त्याला दम म्हणतात. पकडीत दम सुटला की गडी बाद. पकडायचं ते हातपाय किंवा कंबर. मान नाही. पण मान आवळली की दम लवकर सुटतो, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

भेरूलाल मिलमधला विणकर. सेमीफायनलमध्ये त्याने एकाची मान धरली, तेव्हाच मी त्याला वॉर्निंग दिली होती. म्हणूनच फायनलच्या आधी मिलचे लेबर ऑफिसर देवधर मला बाजूला घेऊन गेले.

“मास्तर, भेरूला आज बाहेर नका काढू बरं का. सेठजी खुद्द बसलेत. त्याला पर्मनंट करायची बात चालू आहे.”

“त्याने मान धरली नाही तर मी कशाला काढू?”

“अहो, खेळ आहे. थोडी खींचतान तो होणारच.”

“खींचतान होऊ द्या. गळा नको.”

ते हसले. ते हसणं माझ्या डोक्यात गेलं.

खेळ रंगात आला तेव्हा रेल्वेचा वसंत डबीर चढाईला आला. पार्सल ऑफिसातला कारकून. अंगाने काटकुळा, पण दमाला भारी. तो परत फिरताना भेरूलालने मागून झेप घेतली आणि कोपराच्या बेचक्यात त्याची मान धरली. मी लगेच शिट्टी फुंकली. फाउल. बाकीचे गडी बाजूला झाले.

हे दोघे मात्र तसेच. दम सुटेपर्यंत पकड सोडायची नाही, हे भेरूलालच्या हाडात मुरलेलं. थांबलो तर बाद, हे वसंताच्या. वसंताचा आवाज घोगरा झाला, मग नुसती घरघर उरली. ओठ निळे पडले. मी पुन्हा शिट्टी फुंकली. भेरूलालचा हात ओढून पाहिला, हलेना. लोकांच्या आरडाओरड्यात माझं कोण ऐकतो?

“भेरू, छोड! वसंता, थांब, पॉइंट तुझाच आहे!”

दोघांपैकी एकही थांबला नाही. मी घाबरलो. पोरगं माझ्या डोळ्यांदेखत जाणार असं वाटलं.

मग पंचाने कधी करू नये ते मी केलं. वसंताच्या तोंडावर तळहात दाबला. त्याची घरघर बंद झाली आणि भेरूलालचा हात आपोआप सैल पडला.

वसंता मातीत कोसळला. त्याचा श्वास परत आला. तोवर मिलवाल्यांचा एकच गलका चालू, “दम टूटा! आउट!” देवधर धावत आत आले.

“मास्तर, गडी बाद द्या. दम सुटला, सबने देखा.”

“फाउल त्याआधीच झालाय. पॉइंट रेल्वेचा. भेरूलाल बाहेर.”

“अहो, त्याच्या नोकरीचं काय?”

“ती तुमच्या हातात आहे, साहेब. माझ्या हातात शिट्टी आहे.”

भेरूलालने वाद घातला नाही. “मास्टरजी, सीटी सुनीच नी मैंने,” तो म्हणाला. “मैं तो उसका दम सुन रिया था.”

तो खोटं बोलत नव्हता. तरी मी त्याला बाहेर काढला. मिल हरली. त्या वर्षी भेरूलाल पर्मनंट झाला नाही, मला मिलने पुन्हा पंच म्हणून बोलावलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं, माझं नाही.

मॅच संपल्यावर रेल्वेवाल्यांच्या तंबूत गेलो. डॉक्टर वसंताची मान तपासत होते. त्याने मला खुणेने जवळ बोलावलं. आभार मानेल म्हणून मी वाकलो.

“मास्तर,” तो कसाबसा म्हणाला, “माझा दम सुटला नव्हता. तुम्ही सोडवलात.”

“अरे, पॉइंट दिलाय तुला.”

“पॉइंट ठीक आहे. पण लोकं काय म्हणतील?” आणि त्याने तोंड फिरवलं.

मान आवळणाऱ्याला बाहेर काढायचा नियम आहे. आवळून घेणाऱ्याला आवरायचा नियम मला अजून कुठे सापडलेला नाही.