मुंग्यांची साखर

माझ्यावर कोणीच विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, सुनेनं नाही, पोरानं तर नाहीच नाही. चहा घ्या, या घरात बिनसाखरेचाच मिळेल, नी ऐका. एवढी फजिती सुरतेत दुसऱ्या कोण्या बाईची झाली असेल तर तिचा पत्ता द्या मला. दोघी मिळून रडू.

माझ्या आईचा पाय शुगरनं गेला. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत सगळंच. म्हणून आमच्या डिंडोलीच्या डॉक्टरनं माझा रिपोर्ट बघून ‘तुम्ही काठावर आहात, बेन’ म्हटलं, तेव्हा मला ऐकू आलं की पाय गेला. त्यानं साधंच सांगितलं होतं. चाला, साखर बंद, भात कमी, जेवून लगेच आडव्या पडू नका.

मी सगळं केलं. चमचा उभा राहील इतकी साखर चहात घालणारी बाई मी, कडू चहा प्यायला लागले. प्यायले काय, गिळला. भात सोडला, दादर ज्वारीची भाकरी नी मेथी धरली. जेवल्यावर गॅलरीत एवढ्या येरझाऱ्या घातल्या की खालची बाई विचारायला आली, वर कोणी हरवलंय का म्हणून. नवऱ्यानं चालायला नवी चप्पल आणली, ती मी परत पाठवली. एका पायाला जोडी कशाला?

रोज पहाटे बागेत जायचे. तिथं जशुबेन भेटली. गुजराती, गळ्यात तुळशीमाळ, दिसायला अगदी देवमाणूस. ती झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांच्या बिळावर पीठ, साखर नी तूप कालवून टाकत होती. मुंगीला इथं कीडी म्हणतात, साखरेला खांड, नी या पुण्याला कीडियारू. मला म्हणाली, "इंदूबेन, तुमच्या वाटची खांड कीडीला द्या. रोग कीडी घेऊन जाय." पण एक अट घातली. कोणाला सांगायचं नाही, सांगितलं की पुण्य गेलं.

मला पटलं. तुम्हाला पटलं नसतं का? आईचा पाय डोळ्यांपुढं असता तर माकडालासुद्धा नैवेद्य दाखवला असता तुम्ही.

तर रोज पहाटे मुंग्यांना साखर घालायची, घरी यायचं नी नवऱ्यानं आणलेल्या शुगरच्या मशीनवर उपाशीपोटी बोट टोचायचं. हात पदराला पुसायचे. पुण्याचे हात लगेच कोण धुतं?

पहिल्याच दिवशी आकडा वर. मी म्हटलं, मुंग्या कमी पडल्या. दुसऱ्या दिवशी मूठ मोठी केली. आकडा अजून वर. मग तूप वाढवलं. आकडा असा चढायला लागला जसा काही त्यालाच चालायला सांगितलंय.

नवरा लूमवर रात्रपाळी करून आलेला, आधीच डोळे लाल. माझ्याकडं बघत म्हणाला, "तू चोरीसन काय खास व?"

चोरून खाते म्हणे! मी शपथ घेतली. त्यानं साखरेचा डबा पेटीत घातला नी किल्ली करदोड्याला बांधली. मी गपचूप दुकानातून पुडी आणली, मुंग्यांना उपाशी कशी ठेवू? ती पुडी त्याला माझ्या उशीखाली सापडली. आता पुण्य जातंय तर जाऊ दे म्हणून मी खरं सांगितलं, मुंग्यांसाठी आहे. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणे, एवढ्या मुंग्या राहतात कुठं, एकदा जेवायलाच बोलाव.

मग चोर शोधणं आलं माझ्यावर. नी सापडला! वरणात गूळ. आमची सून कोमल सुरतेकडंच वाढलेली, तिच्या हाताला इथलीच चव. म्हणाली, "मम्मी, चिमूटभर टाकते. इथं सगळेच टाकतात."

मी म्हटलं, "चिमूट चिमूट करून पाय कापतेस माझा."

अजून बरंच म्हटलं. ते सगळं इथं सांगत नाही, तुमच्या हातात गरम चहा आहे. कोमल रडली नाही. नातीला कडेवर घेतलं नी कामरेजला माहेरी निघून गेली. पोरगा माझ्याशी बोलायचा बंद झाला. घर असं सुनं पडलं की भांडं पडलं तरी बरं वाटावं.

आता स्वयंपाक माझा. वरणात मिरची, वर ठेचा, गुळाचा खडाही नाही. आकडा खाली यायला नको? अजून वर! मला वाटलं, जाताना सुनेनं मिठात साखर मिसळली. अख्खं मीठ मोरीत ओतलं.

त्या दिवशी मुंग्यांना दोन्ही हातांनी घातलं, मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. घरी येऊन बोट टोचलं तर मशीननं आकडाच दाखवला नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं. पोरानं बघितलं नी पहिल्यांदा बोलला, "आई, हे मशीनच्या मोजण्यापलीकडं गेलंय." नवऱ्यानं मला तसंच रिक्षात घातलं. मी वाटभर पायाकडं बघत होते. उजवा जाईल की डावा?

डॉक्टरनं दंडातून रक्त काढलं. रिपोर्ट येईपर्यंत मी भिंतीला टेकून आईला आठवत बसले. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाला, "बेन, तुमची शुगर तर काठाच्या खाली उतरलीय. एकदम नॉर्मल."

मग त्यानं आम्ही सोबत नेलेल्या मशीनवर माझं बोट टोचलं. पुन्हा तीच दोन अक्षरं. त्यानं माझा हात उजेडात धरला. नखांत पीठ, बोटांवर तुपाची चमक.

"बेन, हाथ पर ये क्या है?"

म्हटलं, "पुण्य."

त्यानं मला साबण देऊन बेसिनकडं पाठवलं. हात कोरडे करून टोचलं, तर आकडा शहाण्या पोरासारखा खाली बसलेला. म्हणाला, बोटाला साखर असली की मशीन तीच मोजतं. चालणं, भाकरी चालू ठेवा, पण टोचण्याआधी हात धुवा. नवरा भिंतीकडं तोंड करून हलत होता. मला वाटलं रडतोय.

म्हणजे बघा, पहिल्या दिवसापासून मी बरी होत होते नी घर मोडत होते.

संध्याकाळीच कामरेजला गेले. कोमल दारातच उभी. तिची आई मागं, शेजारणी जिन्यात. नात माझ्याकडं झेपावली, पण कोमलनं तिला सोडलं नाही.

"मम्मी, मी येईन," ती म्हणाली, "पण साखर कोणी घातली ते आधी सगळ्यांसमोर सांगा. नाव घेऊन."

मी म्हटलं, ती जशुबेन. कोमलनं मानेनंच नाही म्हटलं. म्हटलं, ते मशीन. पुन्हा नाही. म्हटलं, त्या मेल्या मुंग्या. शेजारणी हसल्या, कोमल दार लोटायला लागली.

मग मी पदर डोक्यावर घेतला नी जिन्यातल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं नाव घेतलं. इंदूबाई दौलत पाटील.