खडूचा गोल

पांडवलेण्यांच्या डोंगरावर आम्ही सूर्यास्त बघायला गेलो, तर तिथली सगळ्यात चांगली जागा एका गृहस्थांनी आधीच नापास केली होती. दगडावर खडूने गोल काढून आत फुली मारली होती. गृहस्थ शेजारीच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात खडू, गळ्यात दुर्बीण. ओझरला विमानाच्या कारखान्यात ते तपासनीस होते. निवृत्तीनंतर त्यांनी नाशिकच्या आसपासचे देखावे तपासायला घेतले होते. रामशेजचा किल्ला झाला, गंगापूर धरण झालं, अजून एकही जागा पास नव्हती.

"अहो, अख्खं शहर दिसतंय की इथून!" मी चिडूनच म्हणालो.

"शहर कुठूनही दिसतं. आमची गच्ची दिसली पाहिजे."

ते दहा पावलं पुढे गेले, दुर्बीण लावली आणि एकदम उजळले. मलाही त्यांनी दुर्बिणीतून दाखवलं: गच्चीत त्यांची बायको उभी होती, तिच्याही डोळ्यांना दुर्बीण. गुडघ्यांमुळे तिला डोंगर चढता येत नव्हता. त्यांनी पिवळा टॉवेल जोरजोरात हलवला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"दिसतोय का गं मी?"

"दिसताय. डोंगर किती सुंदर दिसतोय हो! फक्त तुम्ही जरा बाजूला व्हा."

मला हसू आवरेना. ते मात्र शहाण्या मुलासारखे एक पाऊल बाजूला सरकले, मघाच्या जागेवर वाकून खडूने गोल काढला आणि आत बरोबरची खूण केली.

"पास," ते मला म्हणाले. "फक्त इथं उभं राहायचं नाही."