सिंधूचं नांगरलेलं शेत

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे — कारण रविवारी चिखलदऱ्याला आम्हा पेस्टलवाल्यांचा मेळावा आहे, आणि या वयात मी शाळकरी मुलीसारखी दिवस मोजते आहे. खडू डब्यात लावून झाले, ॲप्रन धुऊन झाला. आमच्यात एक रीत आहे — निघताना प्रत्येकानं आपला आवडता खडू मोडायचा आणि अर्धा दुसऱ्याला द्यायचा. सिंधूनं दिलेला अर्धा जांभळा खडू माझ्या डब्यात कितीतरी वर्षं आहे. तो मी वापरत नाही.

सिंधू हिवरखेडची, शिवणकाम करणारी. चाळिशीत अकोल्याला माझ्या सुट्टीतल्या चित्रकलेच्या वर्गात आली. खडू कसा धरायचा तेही मीच शिकवलं — हे मी अजून चारचौघांत सांगते, मिरवायची खोडच आहे मला. पण दोन वर्षांत ती काय रंगवू लागली! असं काही शिकवून येतं का हो? मला तर तीस वर्षं शिकवूनही आलं नाही.

एकदा अमरावतीत प्रदर्शन होतं. सिंधूकडे लग्नसराईचे ब्लाऊज पडलेले, म्हणून तिनं चित्र दोरीनं बांधून माझ्याकडे सोपवलं. मी ते नुसतं पोचवायचं होतं. दोरी सोडायची काय गरज होती? — सोडली. भर दुपार, घरात मी एकटी. आत नांगरलेलं शेत होतं. आपली काळी माती, आणि तिच्यात काळा रंग कुठेच नाही! जांभळा, गडद निळा, मध्येच विटकरी — तरी इतकी खरी, की ढेकूळ उचलून हातात घ्यावं. मी जन्मभर पोरांना मातीसाठी काळा खडू दिला होता. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग —

पेस्टल म्हणजे कागदावर बसलेली भुकटी. बोट लागलं की संपलं. मला ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणू? पहिल्या दिवशी तेच तर शिकवते मी. मी उजवा अंगठा त्या शेतावरून फिरवला. चुकून नाही. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, सावकाश. मग दोरी होती तशी बांधली आणि हात धुतले.

अमरावतीत सगळ्यांसमोर बांधणी उघडली आणि आयोजक बाई म्हणाल्या, "अगंबाई, बसमध्ये घासलं गेलं वाटतं!" तिच्या जागी माझं चित्र लागलं. सिंधूला फोन केला, तर तीच माझी समजूत घालू लागली. "बाई, तुमी काहून मनाले लावून घेता? चूक माही हाय. मीच सैल बांधलं."

मग ती कामाला लागली. चारी कोपऱ्यांत जाड पुठ्ठ्याचे तुकडे, त्यावर सबंध पुठ्ठा, बाहेरून मापाची शिवलेली पिशवी — चित्राला काही टेकतच नाही. किती साधं, आणि आम्हा शिकलेल्यांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं! आज आमच्यातले सगळे चित्रं तशीच नेतात. दर मेळाव्यात ती हे करून दाखवते आणि सुरुवात ठरलेली असते, "माह्या चुकीनं माहं एक चांगलं चित्र गेलं. तुमचं जाऊ नये." लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवते.

यंदा तिनं तेच शेत पुन्हा रंगवलं आहे. इतक्या वर्षांनी हिंमत केली म्हणाली. चित्रं लावायला मी शनिवारीच पुढे जाणार, म्हणून काल स्वतः अकोल्याला येऊन ते देऊन गेली. "तुमच्या हाती दिलं का मले घोर नाही, बाई."

पिशवी समोर टेबलावर आहे. मी उघडलेली नाही. ते शेत बघायला मी किती आतुर आहे, हे तुम्हाला कसं सांगू? रविवारी सिंधू पुठ्ठे घेऊन उभी राहील आणि तेच वाक्य म्हणेल. मी पहिल्या रांगेत असेन.

चूक तिची नव्हती. अंगठा माझा होता.